गच्ची सगळ्यांची आहे, निर्णय ऐकीव माहितीवर नको

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य यांस,



सप्टेंबर जवळ आला की तुमची वार्षिक सर्वसाधारण सभेची धावपळ सुरू होते. अहवाल छापायचा, ताळेबंद मांडायचा, लेखापरीक्षक नेमायचा, आणि हे सगळं महिनाअखेरच्या आत. या सभेत अलीकडे एक प्रश्न हमखास निघतो : गच्चीवर सौर पॅनेल बसवायची का? बहुतेक ठिकाणी तो निघतो अगदी शेवटी, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ या सदरात. तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. कुणी म्हणतं, “गच्ची गळायला लागेल.” कुणी म्हणतं, “पावसाळ्यात चार महिने बंदच असतं ते.” तिसरा सांगतो, “माझ्या मेव्हण्याचं बिल शून्य येतं, सरकार फुकट देतंय.” मग एकतर विषय पुढच्या सभेवर जातो, नाहीतर हाती असलेल्या पहिल्याच कोटेशनवर सही होते. दोन्हीकडे निर्णय चुकीच्या माहितीवर झालेला असतो.

मी व्यवसायाने विद्युत अभियंता आहे आणि तुमच्यासारख्याच एका सोसायटीचा सभासद. हे पत्र तुम्हालाच लिहिण्याचं कारण सरळ आहे. बंगल्याचा मालक चुकला तर तोटा त्याच्या एका घराचा होतो. तुम्ही सातजण चुकलात तर चाळीस, साठ, ऐंशी कुटुंबांचा होतो आणि तोही पंचवीस वर्षांचा, कारण पॅनेलचं आयुष्य तेवढं असतं. सौर यंत्रणेबद्दलचे गैरसमज दोन प्रकारचे आहेत. काही भीतीतून आलेत, काही हावेतून. भीतीमुळे चांगले प्रकल्प अडतात, हावेमुळे वाईट प्रकल्प उभे राहतात आणि ते फसले की शेजारच्या दहा सोसायट्यांना भीती बसते. म्हणून दोन्हींबद्दल स्पष्ट लिहितो.

पहिला समज पैशांचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ आणली. एक कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची ही तरतूद आहे. त्यातून सरकार गच्चीवर फुकट पॅनेल बसवून देतं, असं पुष्कळ सभासदांना वाटतं. तसं नाही. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. बाकीचा खर्च ग्राहकाचा. महिन्याला ३०० युनिट मोफत असं जे ऐकू येतं, ती वीज वीज कंपनी देत नाही. तीन किलोवॅटची पॅनेल आपल्याकडच्या उन्हात महिन्याला सरासरी तीनशेच्या पुढे युनिट तयार करतात, तीच ही वीज. तुमच्या पैशांनी, तुमच्या गच्चीवर तयार झालेली.

तुमच्या कामाची बाब वेगळीच आहे आणि ती फार कमी सोसायट्यांना माहीत असते. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे, सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा, वाहनांचं चार्जिंग अशा सामायिक वापरासाठी याच योजनेत गृहनिर्माण संस्थेला किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. मर्यादा घरटी तीन किलोवॅट या हिशेबाने जास्तीत जास्त ५०० किलोवॅटची. पॅनेलमधले सौरघट भारतीय बनावटीचे हवेत, काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच व्हायला हवं, आणि अनुदान थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतं. म्हणून “अनुदान मंजूर करून देतो, आधी इतके भरा” म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

दुसरा समज शून्य बिलाचा. तुमच्या सामायिक मीटरचं बिल हातात घ्या. त्यात वीज आकाराखेरीज स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी दिसतील. तुम्ही एकही युनिट वापरलं नाही तरी स्थिर आकार लागतोच. तेव्हा बिल शून्यावर येईल असं सभेत कुणीही सांगू नये. बिल किती उतरेल, हे सांगावं.

आणि ते चांगलंच उतरतं, कारण आपले दर टप्प्यांचे आहेत : १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, त्यापुढे सर्वांत महाग. सौर वीज बिलातून पहिल्यांदा वरच्या टप्प्यातली, म्हणजे महाग युनिटं कापते. महिन्याला ८० युनिट वापरणाऱ्या घराला म्हणूनच फायदा बेताचा होतो आणि सोसायटीच्या सामायिक मीटरला भरपूर. दोन लिफ्ट आणि पंप असलेल्या इमारतीचा वापर सहज दीड-दोन हजार युनिटांच्या घरात जातो, म्हणजे बहुतेक युनिटं सगळ्यात महाग टप्प्यात पडतात.

हिशेब मांडून दाखवतो. समजा चाळीस घरांची इमारत आहे आणि सामायिक वापर महिन्याला अडीच हजार युनिटांच्या आसपास. तिथे वीस किलोवॅटची यंत्रणा बसते. आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट, वर्षाला सुमारे १,४०० युनिट देतो. वीस किलोवॅटचे झाले २८,००० युनिट. किलोवॅटमागे ६०,००० रुपये धरले तर खर्च बारा लाख, अनुदान ३ लाख ६० हजार, उरले ८ लाख ४० हजार. युनिटमागे दहाच रुपये वाचले असा हात आखडून हिशेब केला तरी वर्षाला २ लाख ८० हजार वाचतात. देखभालीचा खर्च वजा जाता तीन-साडेतीन वर्षांत पैसे वसूल होतात आणि पॅनेल त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ वीज देतात. तुमचे आकडे वेगळे असतील. कोटेशनमधले आकडे घेऊ नका, गेल्या बारा महिन्यांची स्वतःची बिलं समोर ठेवून हाच हिशेब करा.

इथेच तिसरा समज डोकं वर काढतो : मोठी यंत्रणा बसवू, जास्तीची वीज विकू, सोसायटीला उत्पन्न होईल. नेट मीटरिंगची पद्धत तशी नाही. दिवसा तयार होऊन न वापरलेली वीज ग्रिडमध्ये जाते, ती युनिटं तुमच्या नावावर जमा होतात आणि पुढच्या वापरातून वजा होतात. आर्थिक वर्षाच्या शेवटी जी शिल्लक राहते तिचा मोबदला मिळतो, पण तो तुम्ही वीज विकत घेता त्या दराच्या मानाने फार कमी असतो. म्हणजे गरजेपेक्षा मोठी यंत्रणा हा तोट्याचा सौदा आहे. विक्रेत्याला मोठी यंत्रणा विकण्यात रस असतो, तुम्हाला नेमकी यंत्रणा घेण्यात असायला हवा. वीज नियामक आयोग जमाखर्चाचे हे नियम वेळोवेळी बदलतो, दिवसाच्या वेळेनुसार दर ठरवण्याकडेही कल वाढतो आहे. त्यामुळे करार करण्याआधी त्या दिवशी लागू असलेला आदेश वाचा.

आता ऊन. “आमच्या विदर्भात एवढं ऊन, इथे तर दुप्पट वीज होईल,” असं नागपूर-चंद्रपूरकडचे लोक म्हणतात. पॅनेलला लागतो प्रकाश, उष्णता नव्हे. पॅनेलवर छापलेली क्षमता सौरघटाचं तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. मे महिन्याच्या दुपारी घट ६५ अंशांपर्यंत तापला तर बारा ते सोळा टक्के क्षमता तिथेच गेली. म्हणून पॅनेलच्या पाठीमागून वारा खेळता राहिला पाहिजे. पत्र्याला चिकटवून बसवलेली पॅनेल अधिक तापतात.

उलट बाजूला पावसाळ्याची भीती आहे. ढगाळ आकाशातूनही प्रकाश येतो आणि पॅनेल त्यावर चालतात. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन चांगल्या महिन्यांच्या निम्म्याच्या आसपास येतं, कोकणात लागोपाठ मुसळधार असेल तर त्याहूनही खाली. पण ‘बंद’ राहत नाही. किलोवॅटला वर्षाचे जे १,४०० युनिट सांगितले, त्यात हा पावसाळा धरलेला आहे. फेब्रुवारी ते मेमध्ये जमा झालेली युनिटं मात्र मार्चअखेरच्या हिशेबामुळे पूर्णपणे पावसाळ्यात वापरता येत नाहीत. यंत्रणेचा आकार ठरवताना हेही लक्षात घ्या.

ज्या गोष्टीची भीती खरोखर बाळगायला हवी, तिचं नाव सभेत कुणी काढत नाही. ती म्हणजे सावली. एका पॅनेलमधले घट एकापुढे एक जोडलेले असतात आणि अशी अनेक पॅनेलही ओळीने जोडलेली असतात. बागेच्या पाइपवर एका जागी पाय पडला की सगळ्या पाइपातलं पाणी अडतं, तसं एका कोपऱ्यावरच्या सावलीने पूर्ण ओळीचा प्रवाह मंदावतो. पॅनेलच्या आत बायपास डायोड असतात, ते नुकसान मर्यादित ठेवतात, मिटवत नाहीत. आपल्या गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची मशीन रूम, जिन्याची खोली, डिश अँटेना, मोबाइल टॉवर असं काय काय असतं. त्यातच शेजारी पुनर्विकासात वीस मजली इमारत उभी राहायची असेल तर आजची उन्हाची गच्ची तीन वर्षांनी दुपारनंतर सावलीत जाईल. म्हणून एका दुपारच्या पाहणीवर भागू नये. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावल्या लांबतात. त्या महिन्यात सकाळी नऊ ते दुपारी चार सावली कुठे पडते, याचा नकाशा विक्रेत्याकडून लेखी मागा. किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते. गच्ची तीन हजार चौरस फूट आहे म्हणून तीस किलोवॅट बसतील, असं गणित कुणी मांडलं तर त्याला टाकीची सावली दाखवा. तुकड्या-तुकड्यांनी सावली येतच असेल तर प्रत्येक पॅनेलला वेगळा मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर लावण्याचा पर्याय आहे. खर्च वाढतो, पण काही गच्च्यांवर तो योग्य ठरतो.

आता गच्ची गळण्याची भीती. ती निराधार नाही, फक्त तिचा रोख चुकतो. गळती होते ती बसवण्याच्या पद्धतीमुळे, पॅनेलचा त्यात दोष नसतो. आपल्या बहुतेक जुन्या इमारतींच्या गच्चीवर ब्रिक बॅट कोबा आणि वर चायना मोझॅक असतं. त्यात ड्रिलने भोकं पाडून नटबोल्ट ठोकले की जलरोधक थर फुटणारच आणि दोन पावसाळ्यांनी वरच्या मजल्याच्या छतावर ओल दिसणारच. योग्य पद्धतीत थराला धक्का न लावता वरच्या वर काँक्रीटचे ठोकळे ओततात आणि त्यांत सांगाडा पक्का करतात. वॉटरप्रूफिंग जुनं झालं असेल तर ते आधी करून घ्या. एकदा पॅनेल बसल्यावर खालचा थर दुरुस्त करायचा म्हणजे सगळा सांगाडा उतरवणं आलं. करारात गळतीची जबाबदारी निदान पाच वर्षांसाठी लेखी घ्या.

वजनाचा बाऊ मात्र नको. साडेपाचशे वॅटच्या आसपासचं एक पॅनेल सत्तावीस-अठ्ठावीस किलोचं असतं आणि अडीच चौरस मीटरवर पसरलेलं असतं. सांगाडा धरूनही चौरस मीटरला पंधरा-वीस किलोच होतात. वावर असलेली गच्ची भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे १५० किलो वापरभार गृहीत धरून आखतात. ठोकळ्यांचं वजन वेगळं मोजायचं आणि ते तुळया-खांबांच्या जवळ ठेवायचं, एवढी काळजी पुरते. उपविधींनुसार पंधरा वर्षांवरच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीला दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचंच असतं. त्याच वेळी अभियंत्याला हा प्रश्न विचारा आणि उत्तर अहवालात लिहून घ्या.

वजनापेक्षा वारा महत्त्वाचा. वाऱ्याने पॅनेल वर उचललं जाऊ नये म्हणून सांगाडा भक्कम लागतो. भारतीय मानकाने मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, तर पुण्यासाठी ३९ मीटर धरला आहे. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ रायगडकरांनी सोसलं आहे. किनाऱ्यावरच्या आणि उंच इमारतींनी सांगाड्याच्या आराखड्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घेतल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये. दोन हजार रुपये वाचवायला पातळ पत्र्याचा सांगाडा घेणं हा खालून चालणाऱ्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

“गच्ची अडकेल, मग कोजागिरी कुठे करायची, पापड-कुरडया कुठे वाळवायच्या?” ही तक्रार मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही. गच्ची ही सोसायटीतली उरलेली एकमेव मोकळी जागा असते. सांगाडा आठ-नऊ फूट उंच घेतला तर खाली वावर राहतो आणि सावलीही मिळते. खर्च आणि वाऱ्याचा भार दोन्ही वाढतात, तेव्हा अर्ध्या गच्चीवर उंच सांगाडा आणि अर्धी मोकळी असाही तोडगा निघू शकतो. हा निर्णय गच्ची वापरणाऱ्या बायकांना आणि मुलांना विचारून घ्या.

वीज गेल्यावर काय, याबद्दलचा गैरसमज सर्वांत जास्त मनस्ताप देतो. सोलर बसवलं की लोडशेडिंगचा त्रास संपला असं समजून लोक मतदान करतात आणि पहिल्याच खंडित पुरवठ्याला लिफ्ट बंद पडली की कार्यकारिणीला धारेवर धरतात. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेल्याबरोबर स्वतःहून बंद होतो, बाहेर लख्ख ऊन असलं तरी. तो बिघाड नाही. खांबावर चढलेल्या वायरमनच्या अंगावर तुमच्या गच्चीवरची वीज उलटी येऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे, आणि ती कुणीही निकामी करू नये. वीज गेल्यावरही पुरवठा हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि तिचा खर्च वेगळा. नेट मीटर असलेल्या सोसायटीला रात्रीसाठी बॅटरी घेण्याची गरज नसते.

तुमच्याकडे डीजी सेट असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. जनरेटर सुरू झाला की त्याला ग्रिड समजून सौर इन्व्हर्टर चालू होऊ शकतो. त्या क्षणी सौर उत्पादन वापरापेक्षा जास्त असेल तर वीज उलटी जनरेटरमध्ये शिरते आणि त्याचं नुकसान होतं. यासाठी नियंत्रक बसवा, नाहीतर जनरेटर चालू असताना सौर यंत्रणा वेगळी राहील अशी चेंजओव्हरची जोडणी करा. हा मुद्दा कोटेशनमध्ये नसेल तर विक्रेत्याला विचारा. त्याच्या उत्तरावरून त्याचा अनुभव कळेल.

पॅनेलमुळे आकाशातली वीज ओढली जाते, हा समज चुकीचा आहे. उंच इमारतीला तडिताघाताचा धोका पॅनेल नसतानाही असतो. वीजरोधक आणि स्वतंत्र अर्थिंग नीट केलं की प्रश्न उरत नाही. पॅनेलमधून घातक किरण निघतात, हेही खरं नाही. पॅनेल प्रकाश शोषतं, आणि इन्व्हर्टर हे घरातल्या इतर उपकरणांसारखंच एक उपकरण आहे.

आगीबाबत मात्र एक धोकादायक समज आहे : मेन स्विच पाडला की सगळं निर्जीव झालं. तसं होत नाही. पॅनेलवर प्रकाश पडतो तोवर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी तारांत कित्येक शे व्होल्टचा दाब असतोच. आगीचं कारण बहुधा सैल किंवा वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसवलेले कनेक्टर असतात. म्हणून कनेक्टर एकाच बनावटीचे असावेत, तारा उन्हात आणि पाण्यात लोंबकळत नसाव्यात, डीसी आयसोलेटर गच्चीवर हाताशी असावा, तारांच्या मार्गावर सूचनापट्ट्या असाव्यात. गच्चीची किल्ली रखवालदाराकडे कायम हवी आणि अग्निशमन दलाच्या माणसाला पॅनेलच्या रांगांमधून चालता येईल एवढी वाट ठेवायला हवी.

“एकदा बसवलं की पंचवीस वर्षं बघायला नको” हे वाक्य विक्रेत्यांचं आवडतं आहे, आणि खोटं आहे. पॅनेलला हलणारे भाग नाहीत, त्यामुळे देखभाल कमी आहे, पण आहे. रस्त्याची धूळ, शेजारच्या बांधकामाचं सिमेंट आणि कबुतरांची विष्ठा काचेवर साचली की उत्पादन घसरतं. पावसाळा सोडला तर दर पंधरा दिवसांनी धुणं बरं. धुवायचं सकाळी लवकर, काच थंड असताना. बोअरवेलचं जड पाणी वापरलं तर क्षारांचे पांढरे डाग बसतात. पॅनेलखाली कबुतरं घरटी करतात, तिथे जाळी लावा. इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो. त्यासाठी वाचलेल्या बिलातून दरवर्षी थोडी रक्कम सिंकिंग फंडात वेगळी काढा, म्हणजे तेव्हाच्या कार्यकारिणीला सभासदांपुढे हात पसरावा लागणार नाही. सचिवांनी दर महिन्याला तयार झालेली युनिटं रजिस्टरमध्ये लिहावीत. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना केली की बिघाड कागदावर आधी दिसतो. पॅनेलची क्षमता दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरणं नैसर्गिक आहे. एकदम पंधरा टक्के उतरली तर मात्र बोलवा विक्रेत्याला.

“थोडं थांबू, अजून चांगलं तंत्रज्ञान येईल, भाव उतरतील.” १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने पहिला व्यवहार्य सिलिकॉन घट दाखवला तेव्हा त्याची कार्यक्षमता सहा टक्के होती. आज बाजारातली पॅनेल वीस टक्क्यांच्या पुढे आहेत आणि पुढेही सुधारणा होत राहील. पण एकूण खर्चात पॅनेल हा एक भाग असतो. सांगाडा, तारा, इन्व्हर्टर, मजुरी यांचे भाव तसे उतरत नाहीत. केंद्राच्या या योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंतची आहे. आणि थांबलेल्या प्रत्येक वर्षी महाग टप्प्याचं बिल भरत राहावं लागतं. वीस किलोवॅटच्या उदाहरणात एका वर्षाच्या थांबण्याची किंमत २ लाख ८० हजार आहे.

काही सुजाण सभासद विचारतात की पॅनेल बनवायलाच इतकी ऊर्जा लागते, मग उपयोग काय, आणि पंचवीस वर्षांनी त्या कचऱ्याचं काय. पॅनेल बनवायला लागलेली ऊर्जा आपल्याकडच्या उन्हात साधारण एक-दीड वर्षात भरून निघते. कचऱ्याचा प्रश्न खरा आहे. पॅनेलचा बहुतांश भाग काच आणि ॲल्युमिनियम असल्याने पुनर्वापर शक्य आहे, आणि २०२२ च्या ई-कचरा नियमांमध्ये सौर पॅनेलचा समावेश झाला आहे. फुटकी पॅनेल भंगारवाल्याला देऊ नका, एवढं आजच ठरावात लिहा.

शेवटचा मुद्दा न्यायाचा. सामायिक वापर भागवून गच्चीवर जागा उरत असेल आणि एखादा सभासद स्वतःच्या मीटरसाठी पॅनेल लावू म्हणत असेल, तर त्याला केवळ “पायंडा पडेल” म्हणून नाही म्हणू नका. तसंच, पहिला अर्ज आला म्हणून त्याला सगळी उन्हाची बाजूही देऊ नका. उरलेल्या सावलीमुक्त जागेची घरटी वाटणी किती होते ते काढा, सर्वसाधारण सभेत नियम करा, आणि तो सगळ्यांना सारखा लावा. गच्चीवर वरच्या मजल्यावाल्याचा जितका हक्क, तितकाच तळमजल्यावाल्याचा.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे छोटं गाव २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं. तिथल्या घरांवर पॅनेल आहेत आणि माणसं तुमच्या-माझ्यासारखीच आहेत. शहरातल्या सोसायट्यांकडे तर अभियंते सभासद आहेत, हिशेबनीस आहेत, वकील आहेत. कमी आहे ती माहिती नीट मांडण्याची सवय.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. हा विषय विषयपत्रिकेत क्रमांक देऊन घ्या आणि सभासदांना टिपण आधी पाठवा. त्या टिपणात बारा महिन्यांची सामायिक बिलं, सावलीचा नकाशा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत, वॉटरप्रूफिंगची स्थिती आणि निदान तीन नोंदणीकृत विक्रेत्यांची तुलना असू द्या. तुलना निव्वळ किमतीची नको. वर्षाला किती युनिटांची हमी, हमी पुरी झाली नाही तर भरपाई किती, पाच वर्षांच्या देखभालीत काय येतं, गळतीची जबाबदारी कुणाची, हे एकेक रकान्यात लिहा. सोसायटीकडे पैसे नसतील तर कर्जाचा किंवा गुंतवणूकदार कंपनीने यंत्रणा उभारून तुम्हाला ठरल्या दराने वीज देण्याचा पर्याय तपासा, पण त्या कराराची वर्षं आणि मधेच बाहेर पडण्याच्या अटी वकिलाला दाखवा. पुनर्विकासाची चर्चा सुरू असेल तर यंत्रणा उतरवून पुन्हा बसवण्याचा खर्चही मोजा. पाच वर्षांत इमारत पाडणारच असाल तर नाही म्हणणं शहाणपणाचं ठरेल.

हे सगळं केल्यावर सभेने काय ठरवावं, हे मी सांगणार नाही. काही गच्च्यांवर सौर यंत्रणा बसवू नये, हे मला माहीत आहे. बहुतेक गच्च्यांवर ती बसवायला हवी, अशी माझी खात्री आहे. पण प्रत्येक इमारतीचं उत्तर तिच्या सावलीत, तिच्या स्लॅबमध्ये आणि तिच्या बिलात आहे. नाही म्हणायचं असेल तर ते आकड्यांवर म्हणा. हो म्हणायचं असेल तरी आकड्यांवरच म्हणा, आणि ते आकडे इतिवृत्तात लिहून ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी येणाऱ्या कार्यकारिणीला तुम्ही का आणि कसं ठरवलंत, हे वाचून पुढचं पाऊल टाकता येईल.

आपला विश्वासू,
एक सभासद